वाट वाकडी केली म्हणून...

आम्ही पंढरपूरची माणसं. सगळं जग आमच्या गावाला येतं, आम्ही मात्र कुठंच जात नाही! आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री... घरात पाहुणा नाही असा महिना शोधून सापडायचा नाही. ओसरीवर पथाऱ्या, गॅसवर भलंमोठं पातेलं आणि दारात चपलांचा ढीग. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तेवीस वर्षं मी हेच बघत आलेय. त्यामुळे गेल्या वर्षी डिसेंबरात आमच्या ह्यांनी, "चला, महाबळेश्वरला जाऊन येऊ. दोन रात्री, तीन दिवस," असं जाहीर केलं, तेव्हा आधी कुणाचा विश्वासच बसेना.

हे एका पतसंस्थेत मॅनेजर. हिशेबाला एकदम पक्के. प्रवासाचाही त्यांनी ताळेबंदच मांडला. पहाटे सहाला घर सोडायचं. साडेदहाला सातारा. तिथं नाश्ता, वीस मिनिटं. दीडच्या आत हॉटेलवर. चारला पहिला पॉइंट, साडेपाचला सूर्यास्त. कॉलेजला जाणाऱ्या आमच्या लेकीनं तो कागद वाचला आणि म्हणाली, "बाबा, यात श्वास घ्यायला वेळ कुठंय?"

ठरल्याप्रमाणे सहाला निघालो. पुढं हे गाडी चालवायला आणि शेजारी लेक, मोबाइलवर रस्ता सांगायला. मागं मी आणि सासूबाई. आमच्या दोघींच्या मध्ये धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, दह्याचं भांडं आणि पाण्याच्या बाटल्या. मैत्रिणींनो, तुमच्याही गाडीत असंच असतं ना? पुढं बसणाऱ्यानं रस्ता ठरवायचा आणि मागं बसणारीनं डबा सांभाळायचा! कुठं थांबायचं हेसुद्धा पुढच्याच सीटवर ठरतं. मागची फार तर विचारते, "अजून किती लांब आहे हो?" विचारण्यामागचं खरं कारण तिला तोंडानं सांगता येत नाही. मग ती घोटभर पाणी कमी पिते आणि गप्प बसते.

पंढरपूरहून साताऱ्याकडे जाताना पिलीव, म्हसवड, गोंदवलं, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव अशी गावं लागतात. हा सगळा माणदेशाचा आणि खटावचा भाग. उघडे माळ, बोडक्या टेकड्या, मध्येच कुठंतरी ज्वारीचा हिरवा तुकडा. बी.ए.ला मराठी विषय घेतला होता तेव्हा व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' वाचलं होतं. तेव्हापासून हा मुलूख मला कागदावर ओळखीचा. प्रत्यक्षात मात्र तो नेहमी एसटीच्या खिडकीतून मागं पळतानाच पाहिलेला.

म्हसवड मागं पडलं. थोड्या वेळानं सासूबाई अचानक सीटवर पुढं सरकल्या.

"आरं, गाडी जरा हळू घे की."

"का गं आई? मळमळतंय का?"

"न्हाई. फाटा बघतीया."

"कसला फाटा?"

"त्यो काय, लिंबाच्या झाडापाशी. हितनं आत जातुया त्यो रस्ता म्या केलाय."

गाडीत एकदम शांतता. पन्नास वर्षं पंढरपुरात राहून सासूबाईंची भाषा अगदी आमच्यासारखी झालेली. त्या एका वाक्यात त्यांची माहेरची बोली जशीच्या तशी परत आली होती. ह्यांना वाटलं, आई गंमत करतेय. ते हसत म्हणाले, "तू रस्ता केलास? बरं, परत येताना बघू हं. साडेदहाला सातारा गाठायचंय."

सासूबाई म्हणाल्या, "बरं."

हे 'बरं' माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. आपण सगळ्याजणी ते म्हणतो. "या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी घेऊ," याला बरं. "आत्ता कशाला माहेरी जातेस, दिवाळीला जा," यालाही बरं. एकेका बाईच्या आयुष्यात अशी किती 'बरं' साठलेली असतात, त्याचा हिशेब कुठल्याच पतसंस्थेत नसतो! सासूबाईंनी सत्तरी ओलांडलीय. परत येताना बघू, म्हणजे नक्की कधी?

फाटा मागं पडून किलोमीटरभर अंतर झालं असेल. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, गाडी वळवा."

ह्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. तेवीस वर्षांत मागच्या सीटवरून असा हुकूम पहिल्यांदाच सुटला होता. माझंच काळीज धडधडत होतं. पण लेकीनं पुढून दुजोरा दिला, "वळवा ना बाबा. नाश्त्याची वीस मिनिटं कापा हवं तर." ह्यांनी सुस्कारा सोडला आणि गाडी वळवली.

आत चार-पाच किलोमीटरचा अरुंद डांबरी रस्ता होता. त्या रस्त्यावर सासूबाई जे बोलल्या, ते त्यांच्या पोटच्या मुलानंसुद्धा कधी ऐकलेलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल आपण सगळ्यांनी थोडंफार ऐकलेलं असतं. १९७२ साली पावसानं महाराष्ट्राच्या मोठ्या भागाकडे पाठ फिरवली. विहिरी आटल्या, जनावरं दावणीला मेली. सरकारनं जागोजागी दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. लाखो माणसं त्या कामांवर गेली आणि त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. त्याच सुमाराला वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आपल्याकडे रोजगार हमी योजना आकाराला आली. पुढं १९७७ साली तिचा कायदा झाला. २००५ साली देशपातळीवर रोजगार हमीचा कायदा झाला, त्याची पायवाट महाराष्ट्राच्या याच कामांनी घालून दिली होती. हे सगळं मला ठाऊक होतं. बचत गटाच्या बैठकांत मी ते सांगतेसुद्धा. पण तेव्हा सतरा वर्षांची एक मुलगी हातोडी घेऊन या माळावर खडी फोडत बसली होती आणि आज ती माझ्याच घरात देवापुढं वाती वळते, हे मला माहीत नव्हतं!

"दिस उगवायच्या आत जायाचं," सासूबाई सांगत होत्या. "मुकादम हजेरी घ्यायचा. उशीर झाला की खाडा. लेकुरवाळ्या बाया बाभळीला झोळी बांधायच्या. खायाला मिलो. तांबडी, परदेशातली ज्वारी. तिची भाकरी थापावी तर चिरायची. पोरांस्नी सुकडी मिळायची. म्या आन माझी सोबतीण, आमी दोगी एकाच ढिगाव बसायचो. तिचा हात लई चालायचा. माझी पाटी भरली न्हाई तर ती तिच्यातली खडी माझ्यात वतायची."

ह्यांचा गाडीचा वेग आपोआप कमी झाला होता. त्या रस्त्यावर जोरात गाडी हाकायला त्यांचं मन होत नसावं.

गाव लहानसं. सासूबाईंचं माहेर तिथं कधीच उरलेलं नाही. आईवडील गेले, भाऊ गिरणीत कामाला म्हणून मुंबईला गेला तो तिकडचाच झाला, जमीन विकली. माहेरचं माणूसच नाही तर जायचं कुणाकडं, म्हणून तीस-पस्तीस वर्षांत त्या इकडं फिरकल्या नव्हत्या. घराच्या जागी आता कुणाचातरी सिमेंटचा बंगला उभा होता. सासूबाई क्षणभर तिथं थांबल्या. मग पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी सोबतिणीचं नाव विचारलं. त्यानं हातानंच दाखवलं, "त्या तिकडं. निळं दार."

निळ्या दाराच्या घरासमोर एक आजी उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. आम्ही चौघं समोर उभे राहिलो तरी त्यांना ओळख पटेना. "कुणाकडली म्हनायची तुमी?" सासूबाईंनी स्वतःचं माहेरचं नाव सांगितलं. आजी तशाच बघत राहिल्या. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी सासूबाईंचा डावा हात ओढून घेतला आणि अंगठा चाचपला.

सासूबाईंच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं आहे. आम्ही सगळे ते वर्षानुवर्षं बघतोय. लग्नाआधी दारात चेमटलं होतं, असं त्यांनीच आम्हाला सांगितलेलं.

"आगं बया! तूच की गं ही!" आजी ओरडल्याच. "हातोडी बसली तवा म्याच न्हाई का लुगड्याची चिंधी फाडून बांधली! रगात थांबंना. आन मुकादम म्हनतुय, उठ, घरी जा. तू म्हनलीस, घरी गेलं तर हजेरी जाईल. तसाच दिसभर उजव्या हातानं..." पुढचं त्यांना बोलवेना. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ज्या अंगठ्यानं लहानपणी त्यांच्या कपाळाला गंध लावलं, तोंडात घास भरवला, त्याची खरी गोष्ट त्यांना वयाच्या पन्नाशीत कळत होती. ते काही न बोलता जरा लांब गेले आणि गाडीला टेकून उभे राहिले.

संध्याकाळी मी सासूबाईंना हळूच विचारलं, "आई, एवढी वर्षं का नाही हो सांगितलंत?"

"आईनं शपथ घातली व्हती," त्या म्हणाल्या. "चौऱ्याहत्तरला लग्न ठरलं. पंढरपूरचं घर, दुकानदार माणसं. आई म्हनली, खडी फोडली असं सांगू नगंस. रोजगाराला गेलेली पोर म्हनून जन्मभर ऐकवतील. नख दारात चेमटलं म्हनून सांग. म्या तसंच सांगितलं. मग खरं सांगायचं राहूनच गेलं."

मैत्रिणींनो, विचार करा. ज्या कष्टानं तिनं घर जगवलं, रस्ता बांधला, त्याचीच तिला लाज वाटायला लावली. आणि ते ओझं तिनं पन्नास वर्षं एकटीनं वाहिलं!

तुमच्या लक्षात आलंच असेल, संध्याकाळपर्यंत आम्ही तिथंच होतो. साडेदहाचं सातारा कधीच हुकलं होतं. आजींच्या सूनबाई आम्हाला सोडायलाच तयार नव्हत्या. बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, रात्री थंडीला गरमागरम हुलग्याचं माडगं आणि पांघरायला जाड वाकळ. मी हॉटेलला फोन करून उद्या येतो म्हणून कळवलं. मॅनेजर म्हणाला, नाताळचा सीझन आहे, आजच्या रात्रीचे पैसे परत मिळणार नाहीत. मला वाटलं, आता हे चिडणार. पण ह्यांनी फक्त मान हलवली. एका रात्रीचे पैसे पाण्यात गेले खरे. रात्री मला जाग आली तेव्हा दोघी म्हाताऱ्या अजून कुजबुजत होत्या. मधूनच हसतही होत्या. सासूबाईंना तसं खुदुखुदु हसताना मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसल्यावर ह्यांनी खिशातला तो टाइमटेबलचा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला. म्हणाले, "आईचं झालं. आता बाकीच्यांचं काय? प्रत्येकाला एक थांबा. बोला."

मी लगेच म्हणाले, "औंध!" जणू कुणी विचारायचीच वाट बघत होते. कॉलेजात असताना आमच्या सरांनी औंधच्या राजाबद्दल सांगितलं होतं. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रकार. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारा हा राजा. स्वातंत्र्य मिळण्याच्या किती तरी आधी, १९३८-३९ च्या सुमाराला, त्यांनी आपल्या संस्थानाचा कारभार लोकांच्या हाती सोपवला. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर हे कैद्यांचं खुलं कारागृहही त्यांच्याच संस्थानातलं. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या सिनेमाचं बीज तिथलंच. औंध आमच्यापासून असं किती लांब? तरी पंचवीस वर्षं जाणं झालं नव्हतं, कारण ते कुठल्याच कामाच्या रस्त्यावर नव्हतं!

दहिवडी, वडूज करत औंधला पोचलो. यमाईच्या डोंगरावर, अर्ध्या चढणीला ते संग्रहालय आहे. १९३८ साली राजांनी ते उभं केलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथं आहेत. कॅलेंडरवर बघितलेली चित्रं खऱ्या रंगांत समोर आली की माणूस जागच्या जागी थबकतो. आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्लिश शिल्पकाराचं 'आई आणि मूल' हे दगडी शिल्पही तिथं आहे. सासूबाई त्याच्यापुढं बराच वेळ उभ्या होत्या. "डोळं-नाक काय धड न्हाई," त्या म्हणाल्या, "पर पोराला धरलंय कसं बघ. घट्ट." कलेवर मोठमोठे लेख वाचले मी, पण इतक्या थोडक्यात इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

आता सगळंच गोड झालं असं समजू नका हं. औंधहून रहिमतपूरकडे येताना लेकीच्या मोबाइलनं 'जवळचा रस्ता' दाखवला आणि आम्ही थेट एका ज्वारीच्या शेतात जाऊन थांबलो! पुढं बांध, मागं बैलगाडी. अर्धा तास गाडी मागं घेण्यात गेला. हे घामाघूम. शेतातल्या एका मावशींनी आधी पोटभर हसून घेतलं, मग वाट दाखवली आणि वर हुरड्याला या म्हणून आमंत्रण दिलं.

लेकीचा थांबा होता लिंब गावची बारा मोटांची विहीर. साताऱ्याहून पुण्याच्या दिशेनं महामार्गाला लागलं की थोड्या अंतरावर लिंब फाटा येतो, तिथून आत जायचं. महाबळेश्वरला वाईवरून जाणारी किती तरी माणसं या फाट्यावरून पुढं निघून जातात. मीही गेलेय. विहीर बघितल्यावर स्वतःचाच राग आला. जवळजवळ ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद. अष्टकोनी. आत दगडी जिना, कमानी, कोरलेले खांब आणि मधल्या भागात चक्क एक छोटा महाल. उन्हाळ्यात बसायला थंडगार. ही विहीर बांधवून घेतली ती एका बाईनं! छत्रपती शाहू महाराजांच्या वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात. तसा शिलालेखच तिथं आहे. एकाच वेळी बारा मोटा चालतील एवढी तिची तयारी. आमराईला पाणी मिळावं म्हणून हा सगळा खटाटोप.

लेक म्हणाली, "आजी, तू रस्ता केलास. ह्यांनी विहीर केली. फरक इतकाच, की त्यांचं नाव दगडावर कोरलंय."

सासूबाई हसल्या. डावा अंगठा पुढं करून म्हणाल्या, "माझं हितं कोरलंय की!"

हे वाक्य त्या चारचौघांत, मोठ्यानं बोलल्या. शपथ तिथंच सुटली, असं मला वाटतं.

महाबळेश्वरला शेवटी एकच रात्र मिळाली. पॉइंट बघितले दोनच. जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या मंदिरात मात्र निवांत गेलो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचा उगम तिथं मानतात. गोमुखातून पाण्याची धार अखंड पडत असते. सासूबाईंनी ओंजळ धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. वर्षाला महाबळेश्वरात साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तरी खूप. डोंगरानं ढग अडवले की पलीकडच्यांच्या वाट्याला वाराच येतो. भूगोलाच्या पुस्तकात मी 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हे शब्द पाठ केले होते. त्याचा अर्थ मला सासूबाईंच्या ओंजळीकडे बघून कळला. आदल्या दिवशी त्या फाट्यावर वळलो नसतो, तर महाबळेश्वरातलं पाणी आम्ही फक्त फोटो काढण्यापुरतं बघितलं असतं.

परत येताना गंमत बघा. ह्यांनीच फाट्यावर गाडी आत घातली, कुणी न सांगता! आजींसाठी स्ट्रॉबेरीची पेटी घेतली होती आणि साताऱ्यातून एक लुगडं. लुगड्याची चिंधी फाडून बांधली होती ना, त्याची परतफेड, असं हे म्हणाले. हिशेबाला पक्केच!

माणदेशाबद्दल "काय आहे तिथं बघायला?" असं आपण सहज म्हणतो. तिथंच मोही गावची ललिता बाबर रिओच्या २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तिथल्याच टाकेवाडीनं २०१८ साली श्रमदान करून पानी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये राज्यात पहिला नंबर मिळवला. आणि म्हसवडला तर आमच्यासारख्या बचत गटवाल्या बायकांनी मुद्दाम थांबावं असं ठिकाण आहे, माणदेशी महिला सहकारी बँक. चेतना गाला-सिन्हा यांनी गावातल्या बायकांना बरोबर घेऊन ती १९९७ साली सुरू केली. पावसाळ्याआधी छपरावर ताडपत्री घालायला पैसे साठवू इच्छिणाऱ्या एका लोहारकाम करणाऱ्या बाईचं खातं उघडायला इतर बँका तयार होईनात, त्यातून ही कल्पना निघाली. पहिल्यांदा परवाना नाकारला गेला, कारण अर्ज करणाऱ्या बायका अंगठेबहाद्दर होत्या. मग त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. परवाना मिळाला! बँकेच्या दारात उभी राहून मी ही गोष्ट सांगत होते तेव्हा सासूबाई स्वतःचा अंगठा बघत होत्या.

घरी आल्यावर एक विचार डोक्यातून जाईना. आम्ही पंढरपूरकर जन्मभर वारी बघतो. आळंदीहून पंढरपूरला गाडीनं काही तासांत येता येतं. पण माउलींची पालखी सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत दोन आठवड्यांहून जास्त दिवस चालत येते. का? केवळ पोचायचंच असतं तर कुणी चाललंच नसतं. वाटेतली गावं, पंगती, भेटीगाठी, यांनाच तर वारी म्हणतात. आपल्या दारातून जाणारं हे शहाणपण आपल्याच प्रवासात मात्र आपण विसरतो.

म्हणून मैत्रिणींनो, यंदा प्रवासाला निघालात तर थोडी वाट वाकडी करायची तयारी ठेवा. फार काही लागत नाही. चार गोष्टी अनुभवातून सांगते.

पहिली म्हणजे टाइमटेबल जरूर करा, पण त्यात दोन-तीन तास मोकळे सोडा. पोचायची वेळ 'दीड' न लिहिता 'अंधार पडायच्या आत' अशी लिहा. आडवाटेला जायचं ते दिवसाउजेडी. अनोळखी घाटात रात्री जायचं धाडस नको.

दुसरी गोष्ट, टाकीत पेट्रोल, जवळ थोडे सुटे पैसे, पाणी आणि घरचा डबा असू द्या. वयस्कर माणसांची औषधं डिकीतल्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवा. आतल्या गावांत मोबाइलला रेंज असेलच असं नाही, म्हणून आत वळण्याआधीच घरी एक फोन करून कुठं चाललोय ते सांगा.

तिसरी गोष्ट जरा नाजूक, पण बोलायलाच हवी. बायका आडवाटेला नको म्हणतात, त्याचं निम्मं कारण स्वच्छतागृह! पेट्रोल पंप, मोठं देवस्थान, एसटी स्टँड लागलं की गरज असो-नसो, जाऊन या. आणि गावात गेलात तर सरळ एखाद्या घरातल्या बाईला विचारा. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. पाणी न पिता प्रवास करणं बंद करा, त्याचा त्रास पुढं आपल्यालाच होतो.

आणि चौथी, आमच्या घरात आता पक्की झालेली रीत. माणशी एक थांबा. गाडीत जितकी माणसं तितके थांबे. मुलाला धरण बघायचंय, बघू दे. सासूला एखादं देऊळ, नणंदेला बाजार. एखादा फसेल, ज्वारीच्या शेतात जाल. चालतं! आणि स्वतःचा थांबा सांगायला विसरू नका. आपण सगळ्यांना विचारतो आणि आपलं सांगायची वेळ आली की, "मला काय, तुम्ही म्हणाल तिथं," असं म्हणून मोकळ्या होतो.

आता आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बैठकीला सासूबाईही येतात. पहिल्या दिवशी त्यांनी बहात्तरची गोष्ट सांगितली, अंगठा दाखवला. गोष्ट संपली तेव्हा बसलेल्यांपैकी आणखी तीन म्हाताऱ्यांनी हळूच हात वर केले. त्याही कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर, तलावावर खडी फोडायला होत्या. त्यांच्याही घरात कुणाला माहीत नव्हतं.

तुमच्या घरातही असेल अशी एखादी. पुढच्या प्रवासात तिला खिडकीशी बसवा. आणि ती "जरा हळू घे की" म्हणाली, तर गाडी थांबवा. परत येताना बघू, असं म्हणू नका.